खजिना सापडला, झाड राहून गेलं

गेल्या दोन-तीन लेखांमध्ये परागकण कसे मोजतात, पीटच्या एका सेंटिमीटरमध्ये किती वर्षं मावतात, असलं काहीबाही सांगत होते. आज जरा वेगळं. आज एका खेळाचं परीक्षण लिहिणार आहे. पुस्तक नाही, शोधनिबंध नाही, तर लहान मुलांसाठी जंगलात मांडलेला ट्रेझर हंट. विषय होता आयर्लंडच्या दंतकथा आणि प्रतीकं.

तुम्ही म्हणाल, पीएचडीच्या तिसऱ्या वर्षात हिला असले उद्योग सुचतात कसे? तर त्याला कारण माझी भाची. माझी मावसबहीण डब्लिनजवळ राहते. तिची मुलगी आठ वर्षांची, इथेच जन्मलेली. घरी मराठी बोलते, शाळेत आयरिश शिकते आणि उरलेला सगळा वेळ इंग्रजीत असते. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी ताईला ड्युटी होती, म्हणून आम्ही दोघीच गेलो. मला वाटलं होतं, पोरीला फिरवून आणू, माझंही डोकं मोकळं होईल. झालं उलटंच. डोक्यात एक प्रश्न घेऊन परत आले, आणि तो थेट माझ्या कामाचा निघाला.

आयोजकांचं नाव लिहीत नाही. त्यांनी मन लावून काम केलं होतं, आणि मला जे खटकलं ते त्यांच्या एकट्याचं नाही. असे मार्ग मी याआधीही एक-दोन ठिकाणी पाहिलेत, सगळीकडे साधारण हीच गोष्ट.

खेळ असा होता

प्रवेशाशी एक नकाशा आणि पेन्सिल मिळते. दोन-अडीच किलोमीटरची पायवाट, वाटेत सहा ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी लाकडी फळी, फळीवर एक चित्र, चार ओळींची गोष्ट आणि कोपऱ्यात ओघम लिपीतलं एक अक्षर. सहा अक्षरं जमवायची, त्यांचा शब्द बनवायचा, तो शेवटच्या टपरीवर सांगायचा. मग सोनेरी कागदातली चॉकलेटची नाणी मिळतात.

सहा चित्रं कोणती? हिरव्या कोटातला लेप्रेकॉन, शॅमरॉकची तीन पानं, हार्प, लीर राजाची हंस झालेली मुलं, परींचं छोटं दार आणि ज्ञानाचा सॅमन मासा. आयर्लंडहून कुणी फ्रिजवर लावायचं मॅग्नेट आणलं असेल तर यातली निम्मी मंडळी तुमच्या ओळखीची असतील.

आधी चांगलं सांगते. ओघमची कल्पना फार छान वापरली आहे. ओघम ही आयर्लंडची जुनी लिपी, साधारण चौथ्या ते सातव्या शतकातली. ती कोरलेले सुमारे चारशे दगड आज माहीत आहेत, त्यातले बरेच नैर्ऋत्येकडच्या केरी आणि कॉर्क भागांत. लिपी इतकी सोपी की तुम्हीही आत्ता शिकाल. एक उभी रेघ काढा. तिच्या उजवीकडे एक आडवी रेघ म्हणजे ‘ब’, पाच रेघा म्हणजे ‘न’. डावीकडे दोन म्हणजे ‘द’. आरपार जाणाऱ्या पाच तिरक्या रेघा म्हणजे ‘र’. आणि उभ्या रेघेवरच एक खाच म्हणजे ‘अ’. पाच-पाचचे चार गट, एकूण वीस अक्षरं. दगडाच्या कडेलाच ती उभी रेघ मानायचे आणि खालून वर वाचत जायचे. मजकूर बहुतेक वेळा एवढाच असतो की हा अमुक, तमुकचा मुलगा.

नकाशाच्या मागे हा तक्ता दिला होता. चौथ्या फळीपर्यंत माझी भाची तक्त्याकडे न बघता वाचत होती. मी अजून बोटं मोजत होते! शेवटी शब्द जुळला तो ‘ब्रदॉन’. आसपासची दोन-तीन कुटुंबं बुचकळ्यात पडली होती, ही मात्र ओरडली, “मावशी, ब्रदॉन म्हणजे सॅमन! आम्हाला शाळेत आहे!” आयरिश भाषा शाळेबाहेर तिच्या उपयोगी पडलेली मी पहिल्यांदाच पाहिली. या एका गोष्टीसाठी आयोजकांना पैकीच्या पैकी गुण.

‘माझं झाड कुठंय?’

आता घोळ कुठे झाला ते सांगते. प्रवेशाशीच एक मोठा फलक होता: ‘तुमचं जन्म-झाड ओळखा’. प्राचीन केल्टिक लोक वर्षाचे तेरा वृक्ष-महिने मानत, ओघमचं प्रत्येक अक्षर म्हणजे एक झाड, तुमच्या जन्मतारखेचं झाड अमुक, असा तो तक्ता. भाचीचा जन्म ऑगस्टमधला. तिचं झाड निघालं हेझल.

हा फलक म्हणजे संपूर्ण खेळातली सगळ्यात चुकीची गोष्ट. ही वृक्ष-महिन्यांची पद्धत प्राचीन नाही. ती रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्रज कवीने १९४८ साली ‘द व्हाइट गॉडेस’ या पुस्तकात रचली. म्हणजे हे ‘प्राचीन’ पंचांग माझ्या आजोबांपेक्षा लहान आहे. त्यात द्राक्षवेलीलाही एक महिना दिलाय. नाशिकला शोभलं असतं, आयर्लंडच्या रानात कुठून यायची? ‘प्रत्येक अक्षर म्हणजे झाड’ हेही पूर्ण खरं नाही. डेमियन मॅकमॅनस यांच्यासारख्या अभ्यासकांनी अक्षरांची नावं एकेक करून तपासली आहेत. ‘बेह’ म्हणजे बर्च, ‘दार’ म्हणजे ओक, ‘कोल’ म्हणजे हेझल अशी काही नावं नक्की झाडांची आहेत. बाकी बऱ्याच अक्षरांना झाडं चिकटली ती मध्ययुगातल्या पंडितांच्या हातून, लिपी जन्मल्यावर कित्येक शतकांनी.

पण गंमत बघा. याच चुकीच्या फलकाने त्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न विचारायला लावला. सहा फळ्या होईपर्यंत भाची दर दहा मिनिटांनी विचारत होती, “मावशी, माझं झाड कुठंय? हेझल कुठंय?”

आणि मला दाखवता येईना. कारण त्या वाटेवर एकही हेझल नव्हतं.

सहा फळ्या, एकच झाड

वाटेवर जे होतं ते होतं सिटका स्प्रूस. उंच, सरळ, एकसारख्या रांगांत लावलेलं, खाली अंधार आणि सुयांचा जाड थर. हे झाड उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं. डेव्हिड डग्लस या स्कॉटिश वनस्पती-संग्राहकाने १८३१ च्या सुमारास त्याचं बी ब्रिटनमध्ये आणलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आयर्लंडमध्ये जंगल उरलं होतं जेमतेम एक टक्का. शेती, चराई, कोळसा, जहाजं, पिंपं असं करत करत हजारो वर्षांत बाकीचं संपलं होतं. मग सरकारने झाडं लावायला घेतली, आणि लवकर वाढणारं, ओल्या-निकस जमिनीतही तग धरणारं म्हणून सिटका निवडलं. आज देशाच्या सुमारे ११ टक्के जमिनीवर जंगल आहे आणि त्यातलं जवळपास ४५ टक्के एकट्या सिटकाचं. साधारण ३५ ते ४५ वर्षांत ते तोडून विकतात. आपल्या भाषेत सांगायचं तर उसाचा फड, फक्त तोडणी उशिरा.

लागवडीचं जंगल वाईट असं मला म्हणायचं नाही. घरं बांधायला लाकूड लागतं. पण या फळ्यांवरच्या गोष्टी ज्या रानात घडतात ते रान हे नाही. आणि हे खेळात एका शब्दानेही सांगितलेलं नाही. उलट प्रवेशाच्या कमानीवर लिहिलंय, ‘प्राचीन अरण्यात स्वागत’.

आता एकेक फळी बघू.

लेप्रेकॉनबद्दल फार तक्रार नाही. फक्त एवढंच की त्याची सगळ्यात जुनी गोष्ट, साधारण आठव्या शतकातली, जंगलातली नाहीच. त्यात हे बुटके लोक झोपलेल्या फर्गस राजाला उचलून समुद्राकडे नेतात, पाण्याचा गार स्पर्श होताच राजा जागा होतो आणि त्यांना पकडतो. सुटकेच्या बदल्यात ते त्याला पाण्याखाली पोहण्याची विद्या देतात. सोन्याचं मडकं, हिरवा कोट, चांभारकाम हे सगळं नंतरचं. आठ वर्षांच्या मुलीला यातलं काय जास्त आवडेल? मी विचारलं तिला. “पाण्याखालचं!” असं उत्तर आलं.

शॅमरॉकची फळी स्प्रूसच्या गर्द सावलीत उभी होती. शॅमरॉक म्हणजे ‘लहान क्लोव्हर’, आणि क्लोव्हर ही उन्हातल्या गवताळ जागेतली वनस्पती. तिथे तिचं एक पानही नव्हतं. खरं तर शॅमरॉक म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, हा स्वतःच एक झकास शोध आहे. १८९३ मध्ये नॅथॅनियल कोलगन या हौशी वनस्पती-अभ्यासकाने देशभरातल्या लोकांना विनंती केली की तुम्ही ज्याला अस्सल शॅमरॉक म्हणता ते मुळासकट पाठवा. त्याने ती रोपं लावली आणि फुलं येईपर्यंत थांबला. निघालं काय? निम्म्याच्या आसपास पिवळ्या फुलांचा लहान क्लोव्हर, त्याखालोखाल पांढरा क्लोव्हर, आणि उरलेल्यांत आणखी दोन वेगळ्या जाती. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९८८ मध्ये, चार्ल्स नेल्सन यांनी तोच प्रयोग परत केला आणि उत्तर साधारण तेच आलं. म्हणजे देशाचं प्रतीक ही एक प्रजाती नाहीच, ती लोकांची समजूत आहे, आणि ती शंभर वर्षं टिकून आहे! सेंट पॅट्रिकने तीन पानांवरून त्रैक्य समजावलं ही गोष्टही त्याच्या स्वतःच्या लिखाणात सापडत नाही. लेखी उल्लेख मिळतो तो थेट १७२६ चा, कॅलेब थ्रेलकेल्डच्या वनस्पतींवरच्या पुस्तकात.

मजा म्हणजे त्या फळीच्या पायाशी, सावलीत, तीन पानांची एक नाजूक वनस्पती भरपूर वाढली होती. वूड सॉरेल. आपल्या कुंडीत न बोलावता येते त्या आंबुशीची सख्खी बहीण, पानं तशीच आंबट. हिलाच काही जुने लेखक शॅमरॉक समजत. भाचीने पान चावून तोंड वाकडं केलं. फळी मात्र प्लॅस्टिकच्या हिरव्या पानाकडे बघायला सांगत होती.

हार्पच्या फळीवर लिहिलं होतं, ‘आयर्लंडचं राष्ट्रीय चिन्ह’. झालं, संपलं. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये ठेवलेलं जुनं हार्प ओक आणि विलोच्या लाकडाचं आहे. आणि विलोची तर अख्खी गोष्ट आहे. लाव्री राजाला घोड्याचे कान होते. ते गुपित न्हाव्याला पेलवेना, म्हणून त्याने ते विलोच्या झाडाला सांगितलं. पुढे त्याच झाडाचं हार्प बनलं आणि भर दरबारात ते गाऊ लागलं, राजाला घोड्याचे कान! ओळखीची वाटली ना? मी लहानपणी हीच गोष्ट राजाची शिंगं, न्हावी आणि ढोल अशी ऐकली होती. ताईच्या मुलीसाठी दोन घरांना जोडणारा पूल आयताच होता तिथे. ओढ्याकाठी विलोचं एक झाडही होतं. फळी ओढ्यापासून दोनशे मीटर दूर.

लीरच्या मुलांची फळी चांगली होती. सावत्र आईने चार भावंडांना नऊशे वर्षांसाठी हंस केलं, त्यातली पहिली तीनशे डेरावारा नावाच्या तळ्यावर. तळं आजही आहे. हंस लाकडात सुरेख कोरले होते. इथे फळी आणि जागा यांचं भांडण नव्हतं, कारण ही गोष्ट झाडाची नाही, पाण्याची आहे, आणि फळी डबक्याकाठी होती.

परींचं दार मात्र सिटकाच्या खोडावर ठोकलेलं होतं. अक्षरशः खिळ्यांनी. आयर्लंडमध्ये परींचं झाड म्हणजे हॉथॉर्न, आणि त्याचा नियमच हा आहे की त्याला हात लावायचा नाही. शेताच्या मधोमध एकटं उभं असलेलं हॉथॉर्न पाहिलंत तर समजा, पिढ्यान्‌पिढ्या त्याला वळसा घालून नांगर फिरलाय. १९९९ मध्ये क्लेअर परगण्यात लाटून इथे मोठ्या रस्त्याच्या आड असं एक झाड आलं. एडी लेनिहन या कथेकऱ्याने आवाज उठवला, वर्तमानपत्रांत लिहिलं, आणि रस्त्याच्या आखणीत फेरफार होऊन झाड राहिलं. देवराईतली काठीसुद्धा न उचलणाऱ्या लोकांच्या मुलखातून आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतल्या देवराया अभ्यासल्या तेव्हा नेमकं हेच दाखवलं की भीती, श्रद्धा आणि गोष्ट मिळून जंगल राखतात. ज्या गोष्टीचं सारच ‘तोडू नका’ हे आहे, तिचं दार खिळे ठोकून लावायचं, हे जरा जास्तच झालं.

मासा, फळं आणि माझा सूक्ष्मदर्शक

सहावी फळी सॅमनची. बॉइन नदीकाठी फिनेगस नावाचा कवी सात वर्षं एका माशाच्या मागे होता. तो मासा खाणाऱ्याला सगळं ज्ञान मिळणार होतं. मासा गळाला लागला, पण भाजताना त्याच्या हाताखालच्या पोराचा अंगठा पोळला, त्याने तो तोंडात घातला आणि ज्ञान त्यालाच मिळालं. तो पोरगा म्हणजे फिन मॅक कूल. फळीवर एवढं होतं.

जे नव्हतं ते असं. माशाकडे ज्ञान आलं कुठून? ज्ञानाच्या विहिरीवर नऊ हेझल झाडं वाकलेली होती, त्यांची फळं पाण्यात पडली, ती माशाने खाल्ली. म्हणजे ज्ञान आधी झाडात होतं, मासा मधला आणि फिन शेवटचा. ही गोष्ट झाड गाळून सांगितली की उरतो एक जादूचा मासा. का जादूचा? कुणास ठाऊक.

इथे माझं काम मध्ये येतं. मी दलदलीतून पीटचा उभा गाभा काढते आणि त्यातले परागकण मोजते. खाली जाल तसा जुना काळ. साधारण दहा हजार वर्षांपूर्वीच्या थरांत सूक्ष्मदर्शकाखाली जिकडे बघावं तिकडे हेझल. त्रिकोणी कण, तीन टोकांना तीन छिद्रं. काही थरांत मोजलेल्या कणांपैकी निम्म्याच्या आसपास हेझलच असतं. हिमयुगानंतर हे बेट हेझलने भरून गेलं होतं. उत्तरेकडच्या बॅन नदीकाठी माउंट सँडल इथे पीटर वुडमन यांनी १९७०च्या दशकात एक वस्ती उकरली, साडेनऊ हजार वर्षांहून जुनी. चुलीपाशी काय सापडलं? हेझलच्या फळांची जळकी कवचं आणि सॅमनची हाडं.

मासा आणि हेझल, एकाच चुलीपाशी. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. पण थांबा. दंतकथेला साडेनऊ हजार वर्षांची आठवण आहे, असं मी म्हणत नाहीये. ती गोष्ट आपल्याला मिळते मध्ययुगीन हस्तलिखितांत, आणि मधल्या काळाचा कोणताही धागा माझ्या हातात नाही. असं म्हटलं तर मीही ग्रेव्ह्जच्याच रांगेत बसेन. म्हणता येतं ते एवढंच: या नद्यांच्या काठी दोन्ही गोष्टी खरोखर होत्या, आणि माणसं दोन्हींवर जगत होती. गोष्ट रचणाऱ्याला त्या शोधायला लांब जावं लागलं नाही.

आता थोडी स्वतःवरही टीका. मला सूक्ष्मदर्शकातून हॉथॉर्न जवळजवळ दिसतच नाही. हेझलचे पराग वारा वाहून नेतो, म्हणून ते ढिगाने तयार होतात आणि दलदलीत पोचतात. हॉथॉर्नचे पराग किडे नेतात, म्हणून ते थोडे आणि जड. पूर्ण डोंगर हॉथॉर्नने पांढरा झाला तरी माझ्या तक्त्यात त्याचे चार-दोन कण यायचे. रोवनचं, रानसफरचंदाचंही तेच. म्हणजे दंतकथांनी ज्या झाडांना सर्वात जास्त जपलं, त्यांतली काही माझ्या पद्धतीत अदृश्य आहेत. म्हणून ‘विज्ञान खरं, गोष्टी खोट्या’ असला सूर मला लावायचाच नाही. रानाची एक बाजू माझ्याकडे आहे, एक गोष्टींकडे. तो खेळ मात्र दोन्ही बाजूंकडे पाठ करून उभा होता.

मग मुलांनी मजा करू नये का?

ताईने हाच प्रश्न विचारला. “अगं, पोरं खेळायला येतात, तू त्यांना प्रबंध का वाचायला लावतेस?” बरोबर आहे. आणि गोष्टी बदलतातच. शॅमरॉक बदलला, लेप्रेकॉन पाण्यातून बाहेर आला, कोट घालून बसला. जुनं तेच खरं, असा माझा आग्रह नाही. उद्या कुणी सिटका स्प्रूसची नवी दंतकथा रचली, समुद्रापलीकडून आलेल्या परक्या झाडाची, तर मी पहिली ऐकायला जाईन. मी स्वतः त्याच जातीची आहे.

माझा आक्षेप वेगळा आहे. या गोष्टी कुठल्याही खोडावर चिकटवता येणारे स्टिकर नाहीत. या देशात गावांची नावंसुद्धा झाडांवरून आहेत. डेरी म्हणजे ओकची राई, किल्डेअर म्हणजे ओकचं चर्च, मेयो म्हणजे यू झाडांचं मैदान. आपल्या वडगाव, पिंपळगाव, बाभुळगावसारखं. झाड जातं तेव्हा नाव उरतं, नावाचा अर्थ जातो. मग गोष्ट उरते, गोष्टीचं कारण जातं. आठ वर्षांच्या मुलीला हा फरक कळत नाही असं मानून आपण खेळ बनवतो. पण हेझल कुठंय हे तिनेच विचारलं होतं.

चार पैशांत होण्यासारख्या तीन सुधारणा सुचवते. एक, फळीची जागा बदला: हार्प विलोपाशी, शॅमरॉक उन्हातल्या गवतात, परी हॉथॉर्नपाशी आणि खिळ्यांशिवाय. दोन, कमानीवरचं ‘प्राचीन अरण्य’ काढून सरळ सांगा, ही लागवड आहे, खरं रान कुठे गेलं ते शोधूया. खजिन्याच्या शोधाला याहून चांगली सुरुवात कोणती? तीन, शेवटच्या फळीपाशी नऊ हेझल लावा. हेझल झुडपासारखं वाढतं, काही वर्षांत फळं धरतं. चॉकलेटच्या नाण्यांबरोबर सप्टेंबरात एक-एक फळ द्या.

नाणी घेऊन आम्ही पार्किंगकडे आलो. बसला अर्धा तास होता. भाची हिरमुसली होती, म्हणून मी म्हटलं, चल, कुंपण बघू. पार्किंगच्या कडेला जुनं शेताचं कुंपण होतं, खेळाच्या नकाशात नसलेलं. सगळ्यात आधी दिसलं ते हॉथॉर्न, पांढऱ्या फुलांनी लगडलेलं, आणि त्याच्या बुंध्याशी कुणाची तरी गाडी लावलेली. दहा पावलं पुढे, काट्यांत गुंतलेलं, गोल, मऊ, लव असलेल्या दातेरी पानांचं झुडूप. मी पान उलटून पाहिलं, खात्री केली आणि तिला हाक मारली.

ती बराच वेळ पान गालाला लावून उभी होती. मग नकाशावर पार्किंगच्या चौकोनाशेजारी तिने पेन्सिलीने एक उभी रेघ काढली आणि तिच्या डावीकडे चार आडव्या रेघा. ओघममधलं ‘क’. कोल.

तो नकाशा आता माझ्या टेबलासमोर चिकटवलाय. त्याचा फोटो आणि वरच्या तीन सूचना आयोजकांना मेलवर पाठवल्या आहेत. उत्तर आलं की इथे सांगेनच. तोवर तुमच्या गावाच्या नावात कोणतं झाड आहे आणि ते गावात अजून उभं आहे का, ते बघून मला कळवा. पुढच्या लेखात परत पराग: हेझल आणि बॉग मर्टल यांचे कण इतके सारखे का दिसतात, आणि त्यामुळे माझी रोज कशी पंचाईत होते, ते.